पोपटाचे रक्त आणि डब्यावरचे तुळशीपत्र

ज्याने पाखरांना पंख दिले आणि त्या पंखांना वाव मिळावा म्हणून आकाश दिले, त्या मेहकरनिवासी शार्ङ्गधर बालाजीच्या चरणी मस्तक ठेवून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, मार्गशीर्षातील आजच्या गुरुवारी, सकाळची पूजा आटोपते न आटोपते तोच आमच्या घरातील पोपटाच्या रक्ततपासणीचा कागद आला. पोपट निरोगी असताना घेतलेल्या रक्ताचा हा पहिलाच कागद आहे. त्याच्याआधी, गेल्या वर्षीच्या कार्तिकात, आणखी एक कागद आला होता. त्या कागदाने माझ्याकडून जे घडवले, किंवा खरे सांगायचे तर त्या कागदाच्या आडून मी जे घडवले, ते लिहून ठेवल्यावाचून हा नवा कागद पोथ्यांच्या कपाटात ठेवणे मला प्रशस्त वाटेना.

हा पोपट म्हणजे आपल्याकडचा हिरवा राघू नव्हे. तो आफ्रिकेकडचा, यज्ञकुंडातल्या थंड झालेल्या राखेच्या रंगाचा. शेपटी तेवढी जास्वंदीसारखी लाल. माझे थोरले बंधू नागपुरास असत. त्यांच्या मुलाने तो हौसेने आणला, आणि पुढे मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला, बंधूंना देवाज्ञा झाली, तेव्हा आमच्या वहिनी दोन ट्रंका आणि एक पिंजरा घेऊन मेहकरास आमच्याकडे राहावयास आल्या. तो चैत्र महिना होता. पासष्टी ओलांडलेल्या त्या बाईंना नागपूरच्या संसारातले बोलणारा असा हा एकच सोबती उरला होता, हे मला त्या दिवशीही दिसत होते. तरीही त्यांना पाण्याचा तांब्या देण्याच्या आधी मी पोपटाचे कागद विचारले.

मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. अनुमान कसे बांधावे, हेतूत दोष कोठे लपतो, धुके पाहून धूर समजणारा माणूस डोंगरावर अग्नी कसा कल्पितो, हे सारे मी फळ्यावर मांडून सांगत आलो. त्या शिक्षणाचा एक दुष्परिणाम असा की, समोर आलेल्या कोणत्याही गोष्टीविषयी माझे मन आधी शंका घेते आणि मग नमस्कार करते. राघू पाळणे हा गुन्हा आहे, हे मी मुलांना सांगत असे. तेव्हा घरात आलेल्या पिंजऱ्याविषयी विचारणे मला कर्तव्यच वाटले. वहिनींनी ट्रंक उघडली आणि एक फुगलेली फाइल माझ्या हाती दिली. त्यात वनखात्याकडची नोंद होती, खरेदीचा कागद होता, आणि हा पक्षी मादी असल्याचा तपासणीचा दाखलासुद्धा होता.

"हे घ्या, भावजी," त्या म्हणाल्या, "माह्या लग्नाचे नसतीन एवढे कागद याचे हायेत."

दाखल्यात मादी म्हटले असले तरी घरात त्याला सगळे 'तो'च म्हणत. मीही तसेच म्हणू लागलो.

पहिले दोन महिने पिंजरा ओसरीवर, पूर्वेच्या उन्हात टांगलेला असे. पोपट पूजेच्या घंटेचा नाद काढी, कुकरच्या शिट्टीची नक्कल करी, आणि माझ्याच आवाजात "वहिनी, चहा" अशी हाक मारी. खरी हाक कोणती आणि खोटी कोणती, हे न कळून वहिनी दोनदा चहा टाकत. सकाळी त्या त्याला शेवग्याचा पाला, मेथीची काडी, पेरूची फोड आपल्या हाताने भरवीत. जेवताना ताटातले भाताचे एखादे शीतही त्याच्याकडे जाई. ते मी पाहिले होते आणि मनात नोंदवून ठेवले होते.

ज्येष्ठात एक अनोळखी माणूस लागोपाठ दोन दिवस फाटकाशी उभा राहून मोबाईलवर पिंजऱ्याचे फोटो काढताना मला दिसला. मी विचारले तर म्हणाला, पोरांना दाखवायचे आहेत. मला ते पटले नाही. असा पक्षी किती मोलाचा असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो पोरांचे नाव सांगणारच. त्याच संध्याकाळी मी पिंजरा उचलून माजघरात आणला. वहिनी म्हणाल्या की नागपुरास तो सदा गच्चीच्या कठड्याशी उन्हात असे, येथे अंधारात कोमेजेल. मी छताकडे बोट दाखवले. माजघराच्या पत्र्यात एक मोठी काच बसवलेली आहे; तिच्यातून दुपारी इतका उजेड पडतो की दिव्यावाचून पोथी वाचता येते. तो माणूस पुन्हा कधी दिसला नाही, आणि तो आला नाही हीच माझ्या शहाणपणाची साक्ष असे मी धरून चाललो.

चातुर्मास त्या काचेखाली गेला. कार्तिकात, तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, पोपट दांडीवरून खाली पडला. क्षणभर त्याचे पंख थरथरले, डोळा उलटला, आणि मग काही न घडल्यासारखा तो पुन्हा उठून बसला. पण त्या दिवसापासून तो बोलेना.

आमच्या गावातील गुरांच्या दवाखान्याचे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की, गायी-म्हशींचे मला कळते, पाखराचे फारसे नाही. रक्त काढून देतो, तपासून घ्या. त्यांनी पोपटाला टॉवेलात गुंडाळले, पंखाखालची शीर शोधली आणि कसेबसे अर्ध्या चमच्याहून कमी रक्त काढले. ती इवलीशी नळी घेऊन मी बाजारातल्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत गेलो. ती चालवणारा गृहस्थ माझा एकेकाळचा विद्यार्थी. माणसांच्या मधुमेहाची, तापाची रक्ते तो तपासतो. त्याने मला खुर्ची दिली, संगणकात काही भरले आणि संध्याकाळी कागद घरी पोचवला.

त्या कागदावर तीन रकाने होते. पहिल्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात आमच्या पोपटाचा आकडा, तिसऱ्यात निरोगी देहात तो आकडा कोठून कोठपर्यंत असावा याचे माप. आकडा मापाच्या वर गेला तर त्याच्यापुढे वर जाणारा बाण, खाली गेला तर खाली जाणारा. मी मोजले. दोन पानांत मिळून अकरा बाण होते. पांढऱ्या पेशी तर इतक्या होत्या की यंत्रानेच हात टेकल्याची खूण छापली होती. पण माझे बोट थांबले ते साखरेच्या ओळीवर. तेथे दोनशे अडुसष्ट लिहिलेले होते, आणि तिसऱ्या रकान्यातले माप त्याच्या निम्म्यावर संपत होते.

त्या ओळीवर बोट ठेवताच मला सगळे उलगडल्यासारखे वाटले. कारण मला जे सापडावेसे वाटत होते तेच सापडले होते. पोपटाला कोणीतरी गोड चारीत होते.

आमच्या देवघरात प्रसादाच्या पेढ्यांचा एक पितळी डबा असतो. नैवेद्य दाखवून झाला की पेढे त्यात ठेवायचे आणि आल्यागेल्याच्या हातावर एकेक द्यायचा, ही आमच्या घरची जुनी रीत. वहिनींचा हात मोकळा, ताटातले शीत पोपटाला जाते, मग पेढ्याचा कण का जाणार नाही? पिंजऱ्याखाली मला मुंग्या दिसल्या होत्या. त्या आधीही दिसत असतील. पण आता त्या साक्षीदार झाल्या. मी वहिनींना काही बोललो नाही. बोललो असतो तर त्यांनी खरेखोटे सांगितले असते आणि गोष्ट तेथेच संपली असती. त्याऐवजी मी रोज नैवेद्यानंतर डब्याच्या झाकणावर मधोमध एक तुळशीपत्र ठेवू लागलो. डबा उघडला तर पान हलणारच. देवाच्या पायाशी वाहावयाचे पान मी पहाऱ्याला बसवले, आणि याची मला त्या वेळी लाज वाटली नाही. उलट युक्ती सात्त्विक आहे असेच वाटले.

रोज संध्याकाळी मी पिंजऱ्याशी जाऊन वहिनींना विचारी, "काय दिलं?" त्या सांगत, पाला दिला, पेरू दिला. मी मान हलवी आणि देवघरात जाऊन पान पाही. माझी पत्नी हे सारे पाहत होती. एकदा नैवेद्याचे ताट हाती देताना ती मला म्हणाली, "अहो, तुम्ही देवाची पूजा करता की डब्याची राखण?" संशयी माणसाला थट्टासुद्धा फितुरीसारखी वाटते. हिला काही ठाऊक आहे की काय, अशी शंका माझ्या मनात त्या रात्री जेवताना येऊन गेली.

सहा दिवस पान जागच्या जागी होते. सातव्या दिवशी ते जमिनीवर पडलेले मिळाले.

मी त्या दिवशी जे केले ते शांतपणे केले, म्हणून ते अधिक वाईट. पेढ्यांचा डबा मी कपाटात ठेवून कुलूप लावले. पिंजऱ्याच्या दारालाही एक छोटे कुलूप घातले आणि किल्ली जानव्याला बांधली. वहिनींना सांगितले की, कागदावर साखर वाढलेली आली आहे. आता फळ नको, पाला नको, हाताने भरवणे नको. मी स्वतः मोजून सूर्यफुलाच्या बिया देत जाईन. पाल्यात साखर नसते, हे मला कळत नव्हते असे नाही. पण पाल्याच्या निमित्ताने हात पिंजऱ्यात जातो, आणि मला तो हातच थांबवायचा होता. वहिनी माझ्या जानव्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, बरे. त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या चहातली साखर बंद केली. माहेरी, धामणगाव बढ्याला, भाच्याकडे थोडे दिवस जाऊन यावे म्हणते, असे त्या पत्नीजवळ दोनदा बोलल्या. गेल्या मात्र नाहीत, कारण पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे होती.

बारा दिवस गेले. पोपट बियांची टरफले तेवढी सोलून टाकी, पण त्याची दांडीवरची पकड सैल झाली होती. बाराव्या दिवशी सकाळी तो पडला तो उठेचना. दोन्ही पाय आखडले, मान मागे वळली आणि सारा देह थडथड उडू लागला. मी जानव्याची गाठ सोडू लागलो. ती सुटेना. तेवढ्यात वहिनींनी अख्खा पिंजरा आकड्यावरून काढला. त्यांच्या वयाला ते ओझे झेपणारे नव्हते. तरी तो छातीशी धरून त्या माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून अंगणात गेल्या आणि तुळशीवृंदावनाशी, लख्ख उन्हात, त्यांनी तो खाली ठेवला. मी मागून धावलो आणि काहीतरी बोललो असेन. त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या:

"भावजी, मरायचं असंन तं उन्हात मरू द्या याले."

थोड्या वेळाने झटका ओसरला. मी किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. खामगावास पाखरांचे जाणणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत असे गुरांच्या डॉक्टरांनी मागेच सांगितले होते, आणि मी ते मनावर घेतले नव्हते. आता त्यांनीच फोन करून आम्ही येत असल्याचे कळवले. मी आणि वहिनी पिंजऱ्यावर पांढरे धोतर पांघरून मिळेल त्या बसमध्ये चढलो. कंडक्टर तिकीट फाडता फाडता धोतराखाली डोकावला आणि म्हणाला, "आजोबा, पाखरू बोलते का? बोलत असंन तं तिकीट लागन बरं."

मागच्या बाकावरचे दोघे हसले. वहिनी म्हणाल्या, "नाही बोलत बापा आता." कंडक्टरच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. त्याने पुढच्या बाकावरच्या माणसाला उठवून पिंजऱ्यासाठी जागा करून दिली, आणि खामगाव येईपर्यंत त्याने आमच्या बाजूची खिडकी कोणाला उघडू दिली नाही.

डॉक्टरीणबाई तिशी-पस्तिशीच्या. मी घडी करून आणलेला कागद अभिमानाने पुढे केला. साखरेच्या ओळीवर मी लाल शाईने खूण केली होती. त्यांनी तो वरपासून वाचला आणि मग आधी पक्ष्याकडे न बघता माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, हा कागद कोणत्या मुलीचा आहे?"

मी म्हणालो, याच पोपटाचा. त्यांनी कागदाच्या अगदी वरच्या ओळीवर बोट ठेवले. तेथे छापले होते: वय अकरा वर्षे, स्त्री. त्या म्हणाल्या की, तिसऱ्या रकान्यातली सगळी मापे अकरा वर्षांच्या मुलीची आहेत. मी ती ओळ पहिल्याच दिवशी वाचली होती. आमचा पोपट अकरा वर्षांचा होता, मादी होता; त्या ओळीत मला काही चूक दिसली नव्हती.

मग त्या एकेका बाणावर बोट ठेवीत गेल्या आणि माझ्या शंकेचा एकेक खांब काढून घेत गेल्या. पाखराच्या अंगात साखर मुळातच माणसाच्या दुपटीहून जास्त असते; एवढ्या पोपटाला दोनशे अडुसष्ट म्हणजे निरोगीपणाचा आकडा. प्रथिने कमी दिसतात, पण पाखराला ती तेवढीच असतात. यकृताच्या आकड्याचे तसेच. पांढऱ्या पेशी यंत्राच्या बाहेर गेल्या, कारण पाखराच्या तांबड्या पेशींनाही मधोमध गर, म्हणजे केंद्रक, असतो आणि माणसांसाठी केलेले यंत्र त्यांनाही पांढऱ्या समजून मोजत सुटते. त्या काचपट्टीवर पसरून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनीच मोजाव्या लागतात. त्यांनी पोपटाच्या रक्ताचा एक थेंब घेऊन तेथल्या तेथे तसे करून पाहिले आणि पेशी ठीक असल्याचे सांगितले.

मी विचारले, मग हे सगळे बाण खोटे?

"एक खरा आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटले. दुसऱ्या पानाच्या तळाशी कॅल्शियमची ओळ होती, आणि तिच्यापुढे खाली जाणारा एक बाण. "हा मुलीच्या मापानेही कमी आहे आणि पोपटाच्याही. या जातीला याच्याच कमतरतेने झटके येतात. हा तुम्ही वाचला नाही का?"

वाचला होता, पण तो कोणाकडे बोट दाखवीत नव्हता. जी ओळ कोणावर आरोप करीत नाही ती मी सोडून दिली होती.

त्यांनी पोपटाला टॉवेलात धरून नव्याने थोडे रक्त काढले, मग कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, आणि ते रक्त पाखरांची मापे जेथे ठेवलेली असतात अशा पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडे पाठवण्याची व्यवस्था केली. मग त्यांनी विचारपूस सुरू केली. खायला काय? मी म्हणालो, सूर्यफुलाच्या बिया. आणखी? आणखी काही नाही. पूर्वी पाला देत असत का? वहिनींनी सांगितले, शेवगा, मेथी. तो कोणी बंद केला, असे बाईंनी विचारले नाही; पण वहिनींची नजर माझ्याकडे गेली तेव्हा त्यांना ते कळले असावे. ऊन किती मिळते, असे त्यांनी विचारताच मी पुन्हा उत्साहाने माजघरातल्या छताच्या काचेचे वर्णन केले.

"काचेतून उजेड येतो, गुरुजी," त्या म्हणाल्या, "ऊन नाही येत."

पुढचे त्यांनी मृदुपणे समजावले. उन्हातला जो अंश अंगी लागून कॅल्शियम पचवतो, तो काचेतून आत येतच नाही. पाच-सहा महिने उन्हावाचून आणि वर हे बारा दिवस नुसत्या बिया. देहाने आपल्याच हाडांतले काढून काढून दिवस भागवले. ज्येष्ठात पिंजरा आत गेला नसता तर कदाचित पहिला झटकाच आला नसता, आणि पाला बंद झाला नसता तर दुसरा इतका मोठा आला नसता. चोराच्या शंकेने मी ऊन तोडले होते आणि पेढ्याच्या शंकेने पाला. रोग कोठून आला हे शोधत मी जो डबा राखीत होतो, त्याला कुलूप घालणारे हातच रोग आणीत होते.

पोपटाला संध्याकाळपर्यंत तेथेच ठेवायचे होते. आम्ही बाहेर बाकावर बसलो. तो वाचेल की नाही, हे आज सांगता येत नाही, असे बाईंनी स्पष्ट सांगितले होते. मग मी म्हणालो, वहिनी, मी तुमच्यावर पेढ्यांचा आळ घेतला होता. बोलून दाखवला नाही, पण घेतला होता.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ते तुळशीचं पान दिसत होतं ना रोज. पंख्याच्या वाऱ्यानं पडे ते. मीच उचलून परत ठेवो."

मी विचारले, परत का ठेवत होता?

"तुमच्या जिवाले घोर नको म्हून ठेवो. सहा दिवस ठेवलं. सातव्या दिवशी म्हटलं, किती दिवस ठेवायचं बापा? पडलं, तं पडू दे."

एवढे बोलून त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि आत काही आवाज येतो का ते ऐकू लागल्या. चाळीस वर्षे मी हेतूचे दोष शिकवले. पण सहा दिवस माझा पहारा माझ्याच आरोपीने सांभाळला, या गोष्टीला कोणत्या दोषाखाली घालावे ते मला आजही ठरवता आलेले नाही. खामगावच्या त्या बाकावर मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्या थोरल्या असल्याने त्यात वावगे काही नव्हते. पण सणावारावाचून मी तसे प्रथमच केले. त्या एवढेच म्हणाल्या, "उठा, लोक पाहून राह्यले."

पोपट त्या संध्याकाळी जिवंत परतला, तेवढेच. पुढचे पंधरा दिवस काहीच निश्चित नव्हते. चोचीत थेंबाथेंबाने औषध सोडायचे, सकाळी तासभर अंगणात ऊन, अर्धा पिंजरा सावलीत, आणि बिया कमी करून पाला. चौथ्या दिवशी पुण्याचा कागद आला. त्यात तिसऱ्या रकान्यात त्याच्या जातीची मापे होती, आणि बाण एकच होता, तोच. रक्तात मोकळे फिरणारे कॅल्शियम त्यांनी वेगळे मोजले होते. तेही खालीच होते. मला तो कागद पाहून, अशा प्रसंगी वाटू नये, असे समाधान वाटले. निदान या वेळी तो कोणाचा कागद आहे हे मला ठाऊक होते.

त्या मधल्या दिवसांत मी माझ्या विद्यार्थ्याकडेही गेलो. जाताना मनात पुन्हा तोच जुना किडा वळवळत होता: याने हयगय केली, निष्काळजीपणा केला, की मुद्दाम काही? त्याने मला पुन्हा खुर्ची दिली आणि शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "गुरुजी, मशीनले काय समजते, पोपट हाये का पोरगी? वय आन लिंग भरल्याबिगर ते पुढंच जात नाही. म्या तं तुमाले तवाच सांगतलं होतं, मापं माणसाची येतीन म्हून. तुमी म्हटलं, देहधर्म सगळ्याईचा सारखाच असते."

मी तसे म्हटले होते. म्हणतानाचा माझा गंभीर स्वरही मला आठवला. पोपट घरी मुका होऊन बसला असताना मी त्याच्या टेबलाशी उभा राहून सर्व भूतांच्या समतेवर दोन वाक्ये बोललो होतो.

सोळाव्या दिवशी सकाळी वहिनी अंगणात शेवग्याची डहाळी पिंजऱ्यात सरकवत होत्या आणि मी वृंदावनाला पाणी घालत होतो. इतक्या दिवसांनी पोपट प्रथमच बोलला. घंटा नव्हे, शिट्टी नव्हे, "वहिनी, चहा" तर नव्हेच. माझ्याच आवाजात, माझ्याच त्या थंड, चौकशीच्या स्वरात त्याने विचारले:

"काय दिलं?"

पाण्याची झारी माझ्या हातून तशीच कलती राहिली. वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग त्या पोपटालाच म्हणाल्या, "शेवगा दिला रे बापा, शेवगा."

त्याला आता वर्ष झाले. पोपट पूर्ण बरा आहे, ओसरीवर उन्हात असतो. पण पाला दिला की तो अजून विचारतो, आणि वहिनी अजून उत्तर देतात. मी त्याला दुसरे काही शिकवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. संध्याकाळी त्याच्यापुढे बसून नामस्मरण केले, घंटा वाजवली. तो डोके वाकडे करून ऐकतो आणि पानाची वाट पाहतो. शेवटी प्रयत्न सोडला. हे ऐकत राहणे हेच माझे प्रायश्चित्त असावे, असे मानून मी ते ऐकतो. पेढ्यांचा डबा देवघरात परत आला आहे, कुलपावाचून. तरी खोटे कशाला बोलू, नैवेद्यानंतर झाकणाकडे नजर जातेच. पुष्कळ वर्षांचा रोग एका वर्षात जात नाही.

खामगावच्या बाईंनी गेल्या आठवड्यातल्या भेटीत एक गोष्ट सांगितली. जातीची मापे कितीही चांगली असली तरी ती अनेकांची मिळून केलेली असतात. प्रत्येक प्रयोगशाळेची थोडी वेगळीही असतात. आजारी पक्ष्याला पारखायचे तर त्याचे निरोगीपणाचे, त्याचे स्वतःचे माप हाताशी असावे. म्हणून या वेळी कोणताही आजार नसताना रक्त काढले आणि आज त्याचा कागद आला. मी तो उघडला आणि, सांगावयास संकोच वाटतो, पहिल्याने साखरेचीच ओळ पाहिली. दोनशे बावन्न. मग पान उलटून दुसरी ओळ पाहिली; तेथे बाण नव्हता. वहिनींना हाक मारून कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी चष्मा लावून वरची ओळ वाचली. तेथे या वेळी जातीचे नाव नीट लिहिलेले होते.

"मंग, भावजी," त्या म्हणाल्या, "आता संशय घ्याले कोनाचा नंबर?"

मी हसलो. पत्नी आतून हसली. पोपटाने नेहमीचे विचारले.

वाचकहो, त्या शार्ङ्गधराजवळ माझे एवढेच मागणे आहे की, तुमच्या घरी जे कोणी दुसऱ्या घरातून येऊन तुमच्या भरवशावर राहिले असेल, त्याच्या वाट्याला तुमच्या ओसरीवरचे ऊन यावे. तुमच्या दारातला शेवगा पालवत राहो. तुमच्या देवघरातल्या डब्याला कुलूप लागण्याची वेळ न येवो, आणि तुमच्या तुळशीचे पान देवाच्याच पायाशी पडो. तुमच्या घरची माणसे आणि पाखरे निरोगी राहोत, बोलती राहोत. शुभं भवतु.